खुले तारकागुच्छ पाहताना या चुका टाळा

दुर्बीण घेतली, कृत्तिका या खुल्या तारकागुच्छावर (एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या सैलसर घोळक्यावर) लावली आणि दिसले चार-पाच सुटे तारे. अशी तक्रार कानावर आली की मी आधी कोणती आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावली होती ते विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ‘१० मिलिमीटर’ असंच असतं. दोष दुर्बिणीचा नसतो, वर्धन, म्हणजे दृश्य किती पट मोठं दिसतं ते, जास्त झालेलं असतं.

गरजेपेक्षा जास्त वर्धन

हिशेब सोपा आहे: दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (मुख्य भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या आकड्यानं भागलं की वर्धन मिळतं. ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला १० मिमीची आयपीस लावली की वर्धन ९० पट होतं आणि आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो. कृत्तिकांचा पसारा जवळजवळ दोन अंशांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या साडेतीन पट. तो त्यात मावणार कसा? २५ मिमीच्या आयपीसनं ३६ पट वर्धन आणि सुमारे १.४ अंशांचं क्षेत्र मिळतं, तरीही कडेचे तारे बाहेरच राहतात. गुच्छ गुच्छासारखा दिसायचा तर त्याच्याभोवती थोडं मोकळं, काळं आकाशही दिसावं लागतं. म्हणून कृत्तिका, रोहिणीजवळचा व्ही आकाराचा गुच्छ आणि पुष्यातला एम ४४ (‘एम’ म्हणजे मेसिए यादीतला क्रमांक) या तिघांसाठी १०×५० ची (दहा पट वर्धन, ५० मिमीची भिंगं) द्विनेत्री दुर्बीण मोठ्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरते. खोक्यातलं बार्लो भिंग, म्हणजे वर्धन आणखी वाढवणारं जोडभिंग, इथे बाहेर काढूच नका.

ययाती आणि शर्मिष्ठा यांच्या मधला जोडगुच्छ मात्र सुमारे एका अंशात बसतो. कमी वर्धनाची आयपीस लावून तो दुर्बिणीतून जरूर पाहा. माझ्या मते नवशिक्याला दाखवावा असा याहून सुंदर गुच्छ उत्तर आकाशात नाही.

पौर्णिमेची रात्र निवडणं

ही चूक आपल्याकडे हमखास होते. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका आणि पौषी पौर्णिमेला पुष्य पाहायचं ठरतं. पण महिन्याला नाव मिळालं तेच पौर्णिमेचा चंद्र त्या नक्षत्रात किंवा त्याच्या आसपास असतो म्हणून. म्हणजे नेमका गुच्छाशेजारीच तो झगझगीत चंद्र. एम ४४ त्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याच महिन्यातल्या अमावस्येच्या आगेमागे जा.

शोधण्यातल्या चुका

मोबाइलवरचं अ‍ॅप आकाशाकडे धरून गुच्छ शोधू नका. फोनच्या होकायंत्रात काही अंशांचा फरक सहज पडतो, आणि पडद्याच्या उजेडानं डोळे अंधाराला सरावत नाहीत. त्यांना वीसेक मिनिटं तरी द्या, नकाशासाठी मंद लाल दिवा वापरा. फाइंडर (मोठ्या दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवा. रात्री अंधारात स्क्रू फिरवत बसण्यात अर्धी रात्र जाते. मात्र तो सूर्याच्या जवळपासही नेऊ नका.

मग ओळखीच्या ताऱ्यावरून पुढे सरका. व्याधाच्या दक्षिणेला चार अंशांवर एम ४१ आहे. द्विनेत्रीत दोघं एकाच वेळी दिसतात. पुनर्वसूतला प्रक्वा (पोलक्स) आणि मघा या ताऱ्यांच्या साधारण मधोमध, थोडा प्रक्वाकडे, एम ४४. शहरात तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि लोक जागा चुकली असं समजून सोडून देतात. जागा बरोबर असते, तिथेच द्विनेत्री रोखा.

फोटोशी तुलना

कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं कॅमेऱ्यानं बराच वेळ प्रकाश साठवून टिपलेलं असतं. डोळ्यांना तसा निळा रंग दिसत नाही. कृत्तिकांच्या ताऱ्यांभोवती अंधुक वलय दिसलं तर आधी भिंगावर दव धरलंय का ते तपासा. आणखी एक गैरसमज: रोहिणी तारा त्या व्ही आकारात दिसतो, पण तो गुच्छातला नाही. तो सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे, गुच्छ दीडशेच्या आसपास.

फक्त हिवाळ्यात आकाश पाहणं

वृश्चिकाच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७ आपल्याकडे बरेच जण पाहतच नाहीत, कारण ते संध्याकाळी वर येतात तेव्हा पावसाळा असतो. युरोपातल्या निरीक्षकांना एम ७ क्षितिजाला टेकलेला मिळतो. पुण्याहून तो सुमारे ३७ अंश उंच चढतो. एवढी सोय असताना तो चुकवू नये. एप्रिलमध्ये पहाटे चार-साडेचारला दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेल्या जागी उभे राहा. तेवढं उठणं जमलं नाही, तर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच नैऋत्येला पाहा. तिथे तो लवकर खाली उतरतो, म्हणून आधी तोच गाठा आणि बाकीचे गुच्छ नंतर.