२२ वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा तालमीला

"ताई, बातमी ऐकलीत ना तुम्ही?" दिग्दर्शकाने तालीम थांबवून विचारलं. त्या प्रवेशात मला मुलाच्या अपघाताचा फोन येतो. मी फोन ठेवला होता, पुढचं वाक्य बरोबर घेतलं होतं, आत पोटात कालवलंही होतं. "मग आमच्यापर्यंत काहीच का आलं नाही?"

साल २०१८. परळमधल्या एका शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सरकवलेली. दिग्दर्शक २७ वर्षांचा आणि मी ४४ वर्षांची, सरकारी रुग्णालयात २२ वर्षं काढलेली सिस्टर. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मुलुंडला परतताना गाडीत सापडलं. रिपोर्ट वाईट आला तर तो नातेवाइकांना डॉक्टरांच्या तोंडून कळला पाहिजे, सिस्टरच्या चेहऱ्यावरून नाही, हे आम्हाला वॉर्डात पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. मी ते इतकं मनापासून शिकले होते, की आत काय चाललंय ते चेहऱ्यावर येण्याची वाटच बंद झाली होती. अभिनय विसरले नव्हते. दुसरं काहीतरी फार चांगलं शिकले होते.

दुसऱ्या पेशात उमेदीची वर्षं घालवून पुन्हा नाटकाकडे वळू पाहणारे बरेच जण मला भेटतात. बँकेतले, शाळेतले, विमा कंपनीतले. त्यांचा पहिला प्रश्न असतो, क्लास कुठला लावू? माझं त्यांना मनापासून सांगणं असतं, की आधी आपल्या नोकरीने आपल्या शरीराचं काय केलंय ते बघा. आमच्याच नाट्यसंस्थेत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या प्रत्येक वाक्याचा शेवट समोरच्याला समजलाय का, हे पाहत बोलायच्या. नाटकातली बाई नवऱ्याशी भांडतेय आणि ऐकणाऱ्याला वाटावं की फळ्यावर गणित चाललंय. काउंटरमागे आयुष्य काढलेल्या एका काकांचे हात कमरेच्या वर येतच नसत. हे दोष नाहीत. पोट भरताना शरीराने उचललेल्या सवयी आहेत. त्या ओळखल्याशिवाय कुठलीही कार्यशाळा पुरी पडत नाही. ओळखायचा साधा मार्ग म्हणजे दोन मिनिटांचं एक स्वगत फोनवर रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून पाहा. नुसत्या चित्रातून काय चाललंय ते कळलं नाही, तर कामाला कुठून सुरुवात करायची ते कळलं.

माझं मूळ लालबागचं. गिरणगावात वाढलेल्याला नाटक शोधायला जावं लागत नसे. चाळीच्या गणपतीत एक नाटक असायचंच आणि कामगार कल्याण केंद्राच्या स्पर्धेत दुसरं. १४व्या वर्षापासून मी त्यात होते. १९९३ला नर्सिंगला प्रवेश मिळाला, हॉस्टेलवर गेले आणि सगळं थांबलं. १९९६ला नोकरी, मग लग्न, मुलगा, नाइट ड्युट्या. नाटक बघायलासुद्धा शिवाजी मंदिरला वर्षातून एकदा, तेही ड्युटी बदलून मिळाली तर.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांना डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण सगळेच देतात. कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली वयाच्या ४२व्या वर्षी व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर झाले. हे खरंच आहे. पण त्याच्या आधीची वर्षं कुणी मोजत नाही. पुण्यात प्रॅक्टिस करताना ते पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेत सतत नाटकं करत होते. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरीला होते आणि त्याच काळात सत्यदेव दुबेंच्या नाटकांतून उभे राहत होते. या दोघांनी नोकरी सोडून अभिनय सुरू केला नाही. अभिनय अंगात पुरता मुरल्यावर नोकरी सोडली. मला या दोघांकडून घ्यावीशी वाटते ती हीच गोष्ट. राजीनामा हे पहिलं पाऊल नव्हे.

म्हणून मीही पहिली तीन वर्षं नोकरीत राहूनच काम केलं. मुंबईत हे जमतं. हौशी आणि प्रायोगिक संस्थांच्या तालमी संध्याकाळी सातनंतरच असतात, कारण तिथे सगळेच कुठून ना कुठून काम उरकून आलेले असतात. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४पासून चालत आलीय, आणि नोकरी करणाऱ्या माणसांनीच ती जगवलीय. एखाद्या संस्थेत शिरायचं तर भूमिका मागत जाऊ नका. प्रॉम्प्टिंगला बसा, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून वाक्य सांगा, रंगभूषेला मदत करा, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान सांभाळा. मी पहिले दोन महिने प्रॉम्प्टर होते, आणि संपूर्ण संहिता कानावरून इतक्या वेळा गेली की दोन नटांमधला श्वाससुद्धा पाठ झाला. दुसऱ्याचं ऐकणं ही अभिनयातली अर्धी कमाई. प्रॉम्प्टरला ती फुकट मिळते. मला भूमिका मिळाली तीही एक जण आजारी पडली म्हणून.

सरकारी नोकरीत असाल तर एक काळजी घ्या. बाहेर मानधन घ्यायचं की नाही, त्यासाठी परवानगी लागते का, हे आस्थापना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आमच्या मेट्रननी मला तोंडी "कर गं" म्हटलं होतं. त्यांच्या बदलीनंतर त्या तोंडी शब्दाचा मला काही उपयोग झाला नाही.

आता आवाजाबद्दल, कारण माझं सगळ्यात जास्त काम तिथेच पडलं. रात्रपाळीत २० वर्षं कुजबुजून बोललेल्या माणसाचा आवाज घशात बसतो. पहिल्या प्रयोगाला बाल्कनीत बसलेल्या माझ्या मुलाने सांगितलं, "आई, तू बोलतेस ते दिसत होतं." नंतर मी रोज पहाटे २० मिनिटं काढली. आधी नुसता लांब श्वास, मग ओंकार, मग वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने, तोही खिडकीबाहेरच्या झाडाला ऐकू जावा असा. ओरडायचं नाही. ओरडलं की दोन दिवसांत घसा बसतो. ताकद पोटातून यायला हवी. फरक जाणवायला मला चार महिने लागले. हे आधी सांगतेय, कारण महिन्याभरात निराश होऊन सोडून देणारे मी पाहिलेत.

पाठांतराची धास्ती पन्नाशीच्या आसपास सगळ्यांनाच असते. तरुण मुलं दोनदा वाचून उभी राहतात, आपल्याला ते जमत नाही. मी वहीत हाताने लिहून काढते, पण फक्त माझी वाक्यं नाहीत. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द आणि मग माझं वाक्य. शिवाय चालत पाठ करते. बसून केलेलं पाठांतर उभं राहिलं की सांडतं.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे. मी वॉर्डाची इन्चार्ज होते. माझ्या एका शब्दावर आठ जणी हलायच्या. तालमीत मुलाच्या वयाचा दिग्दर्शक सगळ्यांसमोर नोट्स द्यायचा, "ताई, हा प्रवेश कोरडा गेला." पहिल्या दिवशी मला रडू आलं. मी त्याला कारणं सांगायला लागले. मग हळूहळू समजलं, की नोट ही शेरा नसते, औषधाची चिठ्ठी असते. आता मी वही उघडून लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी करून दाखवते. तो मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणतो, मी त्याला घरी 'अरे' म्हणते, पण तालमीत 'सर'. हे माझं मी ठरवलं, आणि त्यामुळे माझंच ओझं कमी झालं.

कोविडची दोन वर्षं नाटक जवळजवळ बंद आणि आम्ही वॉर्डात. पीपीई किटमध्ये दिसायचे ते फक्त डोळे. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा तर दुसरं काही हाताशीच नव्हतं. त्या दिवसांबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते, की बंद झालेली वाट मला तिथे मोकळी होताना जाणवली. २०२१ साली २५ वर्षांची सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन मी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

पैशाचं गणित कठोरपणे करा. माझी भरती २००५च्या आधीची, त्यामुळे मला जुनी पेन्शन आहे. नोव्हेंबर २००५पासून राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांचा हिशेब वेगळा बसतो, तो कागदावर मांडून पाहिल्याशिवाय सही करू नका. सरकारी क्वार्टर्समध्ये राहत असाल तर घरही जातं. मी निदान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवला होता. नाटकात मानधन प्रत्येक प्रयोगामागे मिळतं, त्याला 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. मालिकेत दिवसाप्रमाणे पैसे ठरतात, पण ते हातात यायला बहुतेकदा तीन महिने जातात, आणि येतात ते टीडीएस कापून. पहिल्या तारखेला पगार जमा होण्याची ज्याला सवय आहे, त्याला हे सगळ्यात जड जातं. मलाही गेलं.

कॅमेऱ्यासमोर मात्र एक नवल घडलं. रंगमंचावर ज्या चेहऱ्याने मला अडवलं, तोच चेहरा तिथे कामी आला. एका ऑडिशनला मी मुलीची चिठ्ठी वाचणारी आई केली, जवळजवळ काहीच न करता, आणि काम मिळालं. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं. कॅमेरा जवळ येऊन स्वतः शोधून घेतो. तुमच्या नोकरीने दिलेली सवय एका ठिकाणी अडसर आणि दुसऱ्या ठिकाणी भांडवल ठरू शकते. म्हणून ती मोडून टाकू नका, हवी तेव्हा काढता-घालता यायला हवी.

ऑडिशनसाठी अंधेरी-वर्सोव्याच्या चकरा आता पूर्वीइतक्या माराव्या लागत नाहीत, पहिली फेरी बहुतेक वेळा घरूनच रेकॉर्ड करून पाठवायची असते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. मागे साधी भिंत, उजेड समोरच्या खिडकीतून. समोरच्याची वाक्यं वाचायला कुणीतरी हवं, माझी भाची वाचते, कोरडी आणि हळू. सुरुवातीला नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण आणि कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते सांगायचं, मग चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवायचा. वय खरं सांगा. आपल्या वयाचीच कामं मिळणार आहेत, आणि केस रंगवून दहा वर्षं लपवली तर जिच्यासाठी बोलावलं असतं ती आईची भूमिकाच हातची जाते.

फोटोंवर हजारो रुपये घालवू नका. माझे फोटो गॅलरीत साध्या साडीत काढलेले आहेत आणि तेच आजवर चालले. नोंदणी फी, कार्डाचे पैसे, 'भूमिका पक्की आहे, पण आधी डिपॉझिट भरा' असं कुणी म्हणालं की तिथून उठा. काम देणारा पैसे मागत नाही. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण ते तुमचे पैसे आल्यावर, आणि किती ते आधी ठरवून. मी एकदा फसले. पैसे गेले नाहीत, पण 'कॅरेक्टर रोल' म्हणून मीरा रोडला पहाटे सहाला बोलावलं आणि दिवसभर लग्नाच्या गर्दीत उभं केलं. तेव्हापासून तीन गोष्टी विचारल्याशिवाय घरातून निघत नाही. वाक्यं आहेत का, किती दिवस आहेत, रोजचे किती. गर्दीत उभं राहण्यात कमीपणा काहीच नाही, तेही कष्टाचं काम आहे. पण काय करायला निघालोय ते माणसाला माहीत असावं.

मालिकेचं काम तब्येतीचा कस पाहतं. शिफ्ट १२ तासांची, सेट घोडबंदरला नाहीतर मढला, जाण्या-येण्याचे तीन-चार तास वेगळे. संवादांची पानं सेटवर हातात पडतात. रात्रपाळी केलेल्या माणसाला हे निभावता येतं, पण रक्तदाबाची गोळी आणि डबा विसरून चालत नाही.

आणि एक पेच प्रत्येकाला पडतो. मी नर्स होते हे कळल्यावर मला नर्सच्याच भूमिका यायला लागल्या. ट्रे घेऊन यायचं, सलाइनची बाटली बदलायची, "डॉक्टर येतायत" म्हणायचं आणि जायचं. तुमच्यातल्या वकिलाला वकील मिळेल, शिक्षिकेला मुख्याध्यापिका. सुरुवातीला मी सगळ्या घेतल्या, सेटची ओळख व्हावी म्हणून. वर्षभरानंतर ठरवलं, की नर्सला नाव असेल आणि तिला काही हवं असेल तरच. अशी एक मिळाली, दोन प्रवेशांची, रात्रपाळीत स्वतःच्या आईला फोन करणारी. त्या सेटवर सलाइनचा थेंब पडतच नव्हता, नळी नुसती हाताला चिकटवलेली होती. मी सहायक दिग्दर्शकाला नळीवरचा रोलर कसा फिरवायचा आणि थेंब कसे मोजायचे ते दाखवलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही प्रवेशात हेच करा ना." मग मी फोनवर आईशी बोलत बोलत थेंब मोजले, घड्याळ बघून, २५ वर्षं मोजत होते तसेच.