काळ्या गाडीचा रंग उजळण्यापूर्वीची तयारी

काळ्या गाडीसाठी खरेदीला निघालेले बहुतेक जण पॉलिशच्या डबीपासून सुरुवात करतात; खानदेशात मात्र सुरुवात पाण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. तापीकाठच्या अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते आणि भुसावळच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, तापलेल्या काळ्या बॉनेटवर पडलेला थेंब पुसायला हात पोहोचण्याआधीच सुकून जातो. मागे उरते ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे कडे. पांढऱ्या गाडीवर ते लपते, काळ्या गाडीवर दहा पावलांवरूनही दिसते. म्हणून शेवटच्या धुण्यासाठी दोन बादल्या आरओचे शुद्ध पाणी किंवा पन्हाळीखाली धरून ठेवलेले पावसाचे पाणी आधीच बाजूला काढावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत त्याने गाडी धुतली जाते. पण त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात, त्यामुळे ते काळ्या गाडीला लावू नये. पडलेले ताजे डाग निघण्यासाठी पांढरा व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून ठेवलेली एक बाटली पुरते. मात्र ते लावल्यावर तो भाग लगेच धुऊन काढावा.

दुसरा खर्च कापडावर करावा. माझी गाडी नवी असताना एका वॉशिंग सेंटरमध्ये कोरड्या धुळीवरूनच सुती फडके फिरवले गेले, आणि त्या संध्याकाळी दिव्याखाली दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसले, ते आजही मला दिसतात. धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, तळाशी जाळी असलेल्या दोन बादल्या (एक शाम्पूची, दुसरी मोजा खळबळण्याची), रंगावरचे मेण न काढणारा सौम्य शाम्पू, आणि पुसण्यासाठी ८०० जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) किंवा त्याहून जाड टॉवेल एवढे साहित्य घ्यावे. पॉलिश टिपण्यासाठी ३०० ते ४०० जीएसएमची किमान आठ-दहा कापडे लागतात. ती सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण सुताचे तंतू त्यांत अडकून बसतात. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचे नाही, हा नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा.

गाडी धुऊन झाल्यावर हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून बॉनेटवरून बोटे फिरवावीत. डोळ्यांना न दिसणारी खरखर बोटांना लगेच कळते. रेल्वे यार्डाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले असू शकतात. त्यांच्यासाठी लोह काढणारे द्रावण घ्यावे, जे कणांना लागताच जांभळे होऊन ओघळू लागते. डांबराच्या ठिपक्यांसाठी वेगळे द्रावण, आणि उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) व त्याचे वंगण घ्यावे.

यंत्राच्या बाबतीत घाई करू नये. गॅरेजमधले एकाच दिशेने फिरणारे बफिंग मशीन नवशिक्याच्या हातात रंग जाळू शकते. घरच्या कामासाठी ड्युअल ॲक्शन पॉलिशर (गोल फिरतानाच डगमगणारे, म्हणून रंग कमी तापवणारे यंत्र) आणि पॅड बसवायची पाच इंची प्लेट सोयीची पडते. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि प्रत्येक रबिंगमध्ये तो थोडा झिजतो, म्हणून जाडी मोजण्याचे मीटर विकत घ्यावे किंवा दिवसभरासाठी मागून आणावे. मीटर सगळ्या थरांची एकत्रित जाडी दाखवते, आणि साधे मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे. एखाद्या दारावर आकडा २०० मायक्रॉनच्या बराच वर गेला, तर तिथे पुन्हा रंग दिला किंवा लांबी (पुट्टी) भरली असण्याची शक्यता धरावी. कंपाउंडआधी (म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणाऱ्या पेस्टआधी) बारीक पॉलिश आणि मऊ फोम पॅड घेऊन दोन फूट लांबी-रुंदीच्या तुकड्यावर चाचणी करावी. तेवढ्याने चरे गेले तर कंपाउंडची बाटली उघडूच नये. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जाण्याची अपेक्षा ठेवू नये. रबर आणि काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप लावावी, आणि चरे पाहण्यासाठी हातात धरता येईल असा तेजस्वी एलईडी दिवा असावा.

हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत, सकाळी, पत्र्याच्या शेडखाली, बॉनेट हाताला गार लागत असताना करावे. वरून मेण लावायचे की सिरॅमिक (रंगावर सुकून कडक होणारा संरक्षक थर), हा खिशाचा आणि सवडीचा प्रश्न आहे. मेण दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते, सिरॅमिक जास्त टिकते, पण त्याखाली राहिलेले चरेही तेवढेच टिकतात. गाडीचे कव्हर मात्र या यादीतून वगळावे, कारण धुळीच्या गाडीवर चढवलेले कव्हर वाऱ्याने हलत राहते आणि रात्रभर तीच धूळ रंगावर घासत राहते.