सुटं घर, पण भोवतालची जमीन कुणाची? मिशिगनमध्ये पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

मिशिगनमध्ये सुरुवातीची वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये निघतात. मग मूल शाळेच्या वयाचं होतं आणि आपली मंडळी नोव्हाय, कँटन, नॉर्थव्हिल, ट्रॉय या भागांत घरं बघायला लागतात. एकाच दिवशी दोन घरं पाहिली जातात. दोन्ही चारही बाजूंनी सुटी, दोन गाड्यांचं गराज, खाली बेसमेंट, मागे हिरवळ. एकाच्या जाहिरातीत ‘सिंगल फॅमिली’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या ‘डीटॅच्ड काँडो’. शेजाऱ्याशी एकही भिंत सामाईक नाही, मग फरक तो काय, असं वाटतं. असोसिएशनची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, महिन्याची फी तेवढी जास्त, अशी समजूत करून घेऊन लोक ऑफर लिहायला बसतात. तिथेच थांबा आणि पुढचं वाचा, कारण घराच्या आयुष्यभराच्या खर्चाचा आणि मोकळिकीचा प्रश्न यात आहे.

घर काँडो आहे की नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही. ते काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या कचेरीत नोंदवलेल्या कागदांवर ठरतं. मिशिगनमध्ये यासाठी 1978 चा काँडोमिनियम कायदा आहे, त्या वर्षीचा 59 क्रमांकाचा. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना त्याची कल्पना पटकन येईल. महाराष्ट्रात 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे, त्याखाली फ्लॅट आपल्या नावावर असतो आणि जमीन, जिना, गच्ची यांत आपला अविभाजित हिस्सा असतो. को-ऑपरेटिव्ह सोसायटीचं तसं नाही, तिथे आपण सोसायटीचे सभासद असतो. मिशिगनचा काँडो त्या अपार्टमेंट कायद्याच्या जवळचा आहे. फक्त इथे तोच कायदा सुट्या, बंगल्यासारख्या घरांनाही लावलेला आहे.

आता खरी गुंतागुंत. सुट्या घरांचे इथे दोन नव्हे, तीन प्रकार आहेत.

पहिला नेहमीचा, सबडिव्हिजनमधला प्लॉट. जमिनीचे तुकडे पाडून नकाशा मंजूर झालेला असतो, प्लॉटला नंबर असतो, प्लॉट आणि त्यावरचं घर दोन्ही तुमचं. दुसरा ‘साइट काँडो’. इथे कायद्याच्या भाषेत ‘युनिट’ म्हणजे अख्खा प्लॉटच. जमीन तुमची, त्यावरचं घर तुमचं, आणि रस्ता, पावसाचं पाणी साठवण्याचं तळं, प्रवेशद्वाराजवळची बाग एवढंच सामाईक. हा प्रकार इथे एवढा का वाढला, तर जमीन विभागणीच्या 1967 च्या कायद्याखाली प्लॉट पाडायचे तर अनेक कचेऱ्यांच्या मंजुऱ्या लागतात आणि वेळ जातो. काँडो कायद्याचा रस्ता बिल्डरांना लवकर पोचवणारा वाटला, म्हणून नव्या वसाहतींपैकी पुष्कळ साइट काँडो म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांची जाहिरात बहुधा ‘सिंगल फॅमिली’ अशीच होते आणि रोजच्या राहण्यात फरक जाणवतही नाही.

तिसरा प्रकार म्हणजे लोक ज्याला खऱ्या अर्थाने डीटॅच्ड काँडो म्हणतात तो. इथे तुमचं युनिट म्हणजे घराची वास्तू, काही ठिकाणी तर फक्त भिंतींच्या आतली जागा. दाराबाहेरची हिरवळ, झाडं, ड्राइव्हवे हे सगळं सामाईक. त्यातलं काही, उदाहरणार्थ मागचा डेक, फक्त तुमच्या वापरासाठी राखून ठेवलेलं असतं, पण वापर तुमचा म्हणून मालकी तुमची होत नाही.

रिअल्टर कितीही भला माणूस असो, यातला कुठला प्रकार आहे हे त्याच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका. ओळखायची रीत सोपी आहे. मालमत्तेचं कायदेशीर वर्णन मागा, मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या कागदांत ते असतंच. त्यात ‘लॉट’ आणि सबडिव्हिजनचं नाव असेल तर पहिला प्रकार. ‘युनिट’, काउंटीचा काँडोमिनियम प्लॅन क्रमांक आणि 1978 च्या 59 क्रमांकाच्या कायद्याचा उल्लेख असेल तर काँडो. मग दुसरा की तिसरा, हे पाहण्यासाठी मास्टर डीड, म्हणजे वसाहतीचा मूळ दस्तऐवज, मागवा. त्याच्याबरोबर दोन जोडपत्रं असतात. ‘एक्झिबिट ए’ म्हणजे उपविधी, ‘एक्झिबिट बी’ म्हणजे नकाशे. या नकाशांत युनिटच्या मालकीच्या हद्दी आखलेल्या असतात. ती रेघ प्लॉटच्या कडेने फिरते की घराच्या भिंतीवरून, एवढं पाहिलं तरी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम मास्टर डीडच्या एका कलमात असतं, आणि माझ्या मते सगळ्या कागदांत तेच सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्या गोष्टीची देखभाल, दुरुस्ती आणि बदल कुणी करायचे, हे त्यात एकेक करून लिहिलेलं असतं. छप्पर कुणाचं? खिडक्या? बाहेरची साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं आवरण? गराजचं दार? डेक? बेसमेंटच्या भिंतीला तडा गेला तर? मिशिगनच्या थंडीत पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. डांबर, काँक्रीट आणि छप्पर यांना ते फार लागतं. त्यामुळे हा प्रश्न इथे कागदी राहत नाही. एका वसाहतीत असोसिएशन छप्पर बदलून देते, रस्ता ओलांडला की दुसऱ्या वसाहतीत तोच खर्च मालकाचा. दोन्हीकडे फी मात्र जवळपास सारखी असू शकते. म्हणून नुसत्या फीच्या आकड्यांची तुलना करू नका. त्या फीत काय येतं, ते शेजारी लिहून तुलना करा.

रस्त्याकडेही असंच बघा. काँडो वसाहतींतले रस्ते पुष्कळदा खाजगी असतात. बर्फ काढणं असोसिएशनकडे आणि काही वर्षांनी नव्याने डांबर घालणंही तिच्याकडेच. रस्ता सार्वजनिक असेल तर ते काम शहराचं किंवा काउंटीच्या रोड कमिशनचं.

असोसिएशनने या मोठ्या खर्चांसाठी राखीव निधी ठेवायचा असतो. मिशिगनमध्ये वर्षाच्या बजेटच्या किमान 10 टक्के रक्कम त्यात जावी असा नियम आहे. ही किमान मर्यादा आहे आणि जुन्या वसाहतीला ती बहुधा पुरत नाही. निधी कमी पडला की सगळ्या मालकांवर एकरकमी ‘स्पेशल असेसमेंट’ बसते. ती किंवा महिन्याची फी थकली तर असोसिएशन घरावर बोजा चढवू शकते आणि त्यापुढे जाऊन घराच्या विक्रीपर्यंतही जाऊ शकते. नव्याने बांधली जाणारी वसाहत असेल तर आणखी एक काळजी घ्या. सुरुवातीला असोसिएशनचं संचालक मंडळ बिल्डरच्याच हातात असतं आणि घरं खपावीत म्हणून फी कमी ठेवण्याकडे त्याचा कल असतो. घरं विकली जातील तसतसे रहिवाशांनी निवडलेले संचालक वाढतात आणि 75 टक्के विक्रीनंतर जवळजवळ सगळं मंडळ रहिवाशांकडे येतं. खरा खर्च किती, हे बहुतेकदा तेव्हा समोर येतं आणि फी वाढते.

फीचा परिणाम कर्जावरही होतो. महिन्याला 350 डॉलर फी म्हणजे वर्षाला 4,200. तुमची कर्ज फेडण्याची ताकद मोजताना लेंडर (कर्ज देणारी संस्था) ही रक्कम हप्त्याबरोबर धरतो. एक दिलासा असा की बहुमजली इमारतीतल्या काँडोची जशी कसून चौकशी होते, तशी सुट्या काँडोची सहसा होत नाही. एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं, कर्ज घेणार असाल तर साइट काँडोला प्रकल्पाची वेगळी मंजुरी लागत नाही.

विमा मात्र नीट समजून घ्या. सबडिव्हिजनमधल्या घराला एचओ-3 प्रकारची, म्हणजे अख्ख्या घराची, पॉलिसी लागते, साइट काँडोला बहुधा तीच. तिसऱ्या प्रकारात वास्तूच्या बाहेरच्या भागाचा विमा असोसिएशनच्या मास्टर पॉलिसीत असू शकतो, मग तुम्हाला आतल्या भागासाठी एचओ-6 पुरते. चुकीची पॉलिसी घेतली तर एक तर एकाच भिंतीचे पैसे दोनदा भरले जातात किंवा ती भिंत कुठेच धरलेली नसते. विमा एजंटला मास्टर डीडची प्रत पाठवा आणि त्याचं उत्तर ईमेलवर घ्या. बेसमेंट असेल तर सम्प पंप (तिथलं पाणी उपसणारा पंप) बंद पडून पाणी शिरण्याचं संरक्षण वेगळं मागून घ्या, ते मूळ पॉलिसीत सहसा नसतं.

मालमत्ता करात काँडो आणि बिगर-काँडो असा भेद नाही, पण नवीन माणसाला इथे हमखास ठेच लागते, म्हणून सांगतो. विकणाऱ्याचं कराचं बिल पाहून आपला कर धरू नका. 1994 च्या ‘प्रपोजल ए’ या करसुधारणेमुळे एकाच मालकाकडे घर असेपर्यंत करपात्र मूल्य दर वर्षी महागाईएवढं किंवा 5 टक्के, यांतलं जे कमी तेवढंच वाढतं. घर विकलं गेलं की पुढच्या वर्षी ते बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊन बसतं. क्लोजिंगनंतर, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्यावर, 45 दिवसांत प्रॉपर्टी ट्रान्सफर ॲफिडेव्हिट भरा आणि स्वतः राहणार असाल तर प्रिन्सिपल रेसिडेन्स एक्झम्प्शनचा अर्जही. त्याने शाळांसाठीच्या करातले 18 मिलपर्यंत वाचतात (एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला एक डॉलर). करपात्र मूल्य 2,00,000 डॉलर असेल तर हे वर्षाचे 3,600 डॉलर झाले.

आता राहण्याचं बोलू. मागे मेथी-कोथिंबिरीचे वाफे, मुलांसाठी झोपाळा, कुत्र्यासाठी कुंपण, असं चित्र मनात असेल तर तिसऱ्या प्रकारात प्रत्येक गोष्टीला परवानगी लागेल आणि कुंपणाला बहुधा नकारच मिळेल. जमीन सगळ्यांची आहे, त्यामुळे हे नियम अन्यायाचे नाहीत, पण आपल्या कुटुंबाला झेपतील का ते आधी पाहायला हवं. दिवाळीचा कंदील आणि दिव्यांच्या माळा किती दिवस लावता येतात, हेही उपविधींत पाहून ठेवा. सबडिव्हिजनमध्ये सगळी मोकळीक असते असंही नाही, तिथेही एचओए (घरमालकांची संघटना) आणि तिचे निर्बंध असू शकतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नोकरीत सतत फिरती असेल, किंवा डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जायचं असेल, तर ड्राइव्हवेवरचा बर्फ दुसऱ्या कुणीतरी काढणं हे मोठं सुख आहे. डीटॅच्ड काँडोंमध्ये एकमजली, तळमजल्यावर झोपण्याची खोली असलेली घरं पुष्कळ मिळतात. आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर मी असंच घर आधी बघायला सांगेन. काही वसाहती 55 वर्षांवरच्यांसाठी राखीव असतात, तेवढं विचारून घ्या.

आणि व्हिसावर असाल तर भाड्याचा नियम वाचल्याशिवाय सही करू नका. एच-1बी वरची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली आणि घर लगेच विकायचं नसेल, तर भाड्याने देणं हाच मार्ग उरतो. काही उपविधींत किती घरं भाड्याने जाऊ शकतात यावर मर्यादा असते, काहींत किमान एक वर्षाचा करार लागतो. कायद्याप्रमाणेही भाडेकरूपुढे करार ठेवण्याच्या किमान 10 दिवस आधी असोसिएशनला लेखी कळवावं लागतं. घर भाड्याने दिलं की वर सांगितलेली करसवलतही जाते.

बिल्डरकडून नवा काँडो घेत असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ठरलेली कागदपत्रं हातात पडल्यापासून कामकाजाच्या 9 दिवसांत कारण न देता, दंड न भरता माघार घेता येते. जुन्या मालकाकडून घेताना ही मुभा नाही. तेव्हा ऑफर लिहितानाच त्यात अट घाला: मास्टर डीड, उपविधी, चालू बजेट, राखीव निधीची शिल्लक आणि गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मिळावीत, आणि ती वाचून पटली नाहीत तर ठेव परत मिळावी. इतिवृत्तं आधी वाचा. छपराची गळती, रस्त्याची चर्चा, कोर्टातली भांडणं, सगळं त्यांत असतं.