क्रूझ बुकिंगमध्ये नवीन आहात? मग सूट विकायच्या आधी डेक प्लॅन वाचायला शिका

क्रूझ बुकिंगच्या कामाला नवीन लागलेली मंडळी सगळ्यात आधी काय पाठ करतात तर सूटच्या, म्हणजे जहाजावरच्या मोठ्या खोल्यांच्या, कॅटेगरीची नावं, ज्युनिअर सूट, ग्रँड सूट, ओनर्स सूट वगैरे. करा पाठ, लागतातच ती. पण गेस्ट फोनवर विचारतो ते वेगळंच असतं, की खोलीतून काय दिसणार, रात्री झोप नीट लागेल ना, आई-बाबांना वेगळी खोली मिळेल का, आणि याचं उत्तर कॅटेगरीच्या नावात नसतं, डेक प्लॅनमध्ये, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याच्या नकाशात असतं. मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि अजूनही डेक प्लॅन समोर उघडल्याशिवाय सूटचा नंबर कोणाला सांगत नाही.

आधी दिशा पक्क्या करा. जहाजाच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड, पुढचा भाग फॉरवर्ड, मागचा आफ्ट, मधला मिडशिप. हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे, बस.

आता खरं काम. नवीन माणूस डेक प्लॅनवर सूट शोधतो, आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि थांबतो. तुम्ही वरचा आणि खालचा डेकसुद्धा उघडा आणि त्याच जागेवर काय येतंय ते बघा, कारण त्रास बहुतेक वेळा छतातून नाहीतर जमिनीतून येतो. वर पूल डेक असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर, खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर रात्री उशिरापर्यंत बेसची धडधड. प्लॅनवर काही जागा नुसत्या पांढऱ्या किंवा करड्या सोडलेल्या असतात ना, त्या रिकाम्या नसतात, तिथे स्टाफची कामाची जागा, पॅन्ट्री, किचन असं काहीतरी असतं, म्हणजे ट्रॉल्या आल्याच. माझा साधा नियम आहे, वर केबिन, खाली केबिन असा मधला सूट मिळत असेल तर तो एक कॅटेगरी खालचा असला तरी आधी तोच सुचवायचा.

व्ह्यूचं म्हणाल तर फॉरवर्डचे सूट फोटोत सगळ्यात भारी दिसतात, समोर सगळा समुद्र. पण जहाज चालू असताना वारा समोरून येतो, कधी कधी बाल्कनीत बसवत नाही, आणि ब्रिजजवळच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या जागेजवळच्या खोल्यांना रात्री पडदे बंद ठेवायला सांगतात कारण खोलीतल्या उजेडाने ब्रिजवरच्या लोकांना अंधारात बाहेर दिसायला अडचण होते. जहाज पुढे-मागे डुलतं ते पण टोकांनाच जास्त जाणवतं, त्यामुळे ज्याला समुद्र लागतो त्याला शक्यतो खालच्या डेकवर मिडशिप द्या. आफ्टला मागे पडत जाणारी पाण्याची पांढरी रेघ दिसते, वारा कमी लागतो, आणि कोपऱ्यातला सूट असेल तर बाल्कनी दोन बाजूंना वळलेली मिळते. मला स्वतःला आफ्ट सगळ्यात आवडतं. फक्त काही जहाजांवर तिथे थरथर जाणवते आणि बाल्कन्या पायऱ्यांसारख्या असतील तर वरच्यांना तुमची बाल्कनी दिसते, हे आधीच सांगून टाका.

आणि प्रत्येक सूटमधून समुद्रच दिसतो असं धरून चालू नका. रॉयल कॅरिबियनचं ओएसिस ऑफ द सीज २००९ मध्ये आलं, त्यात काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या सेंट्रल पार्ककडे उघडतात, आणि मागच्या अ‍ॅक्वा थिएटर सूटमधून खालचा पाण्यातला शो दिसतो. शांत हनिमून हवा असलेल्या जोडप्याला तो देऊ नका, पण मुलं असलेल्या घराला हाच दाखवा. क्वीन मेरी २ वर डेक ८ च्या बऱ्याच बाल्कन्यांसमोर लाइफबोटी येतात. सेलिब्रिटी एजवर, म्हणजे २०१८ च्या जहाजावर, इन्फिनिट व्हरांडा आला, त्यात वेगळी उघडी बाल्कनी नसतेच, बटण दाबलं की मोठ्या काचेचा वरचा अर्धा भाग खाली येतो, त्यामुळे खोली मोठी वाटते पण बाहेर जाऊन बसायचंय म्हणणाऱ्याला ते चालत नाही.

लेआउटमध्ये माझा पहिला प्रश्न, बेडरूमला दार आहे का? ज्युनिअर सूट बहुतेक ठिकाणी एकच मोठी खोली असते, फार तर मध्ये पडदा. तीन पिढ्या एकत्र जाणार असतील तर दार पाहिजेच. लॉफ्ट सूट दोन मजली असतो, दिसायला सुंदर, पण बेड वर आणि मध्ये जिना, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी नाही. कनेक्टिंग दार कुटुंबाला सोयीचं, एरवी शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. आणि स्क्वेअर फूट सांगताना तो आकडा बाल्कनी धरून आहे की सोडून, हे तपासा, काही कंपन्या धरून सांगतात.

कुठली बाजू घ्यायची हे रूटवर ठरतं. अलास्काला उत्तरेकडे एकमार्गी जाताना किनारा साधारण स्टारबोर्डला राहतो, परतीच्या दिशेने पोर्टला. ग्लेशियर बेमध्ये मात्र कॅप्टन जहाज फिरवतात, दोन्ही बाजूंना हिमनदी दिसते, तिथे उगाच ताण घेऊ नका. बंदरात कुठली बाजू धक्क्याला लागेल याचं वचन तर कधीच देऊ नका, ते ऐनवेळी बदलतं. व्ह्यू महत्त्वाचा असलेल्या माणसाला गॅरंटी केबिनही देऊ नका, त्यात कॅटेगरी नक्की असते पण नंबर कंपनी देते.

जहाज बघायला जायची संधी मिळाली की नुसते फोटो काढत फिरू नका. बाल्कनीतल्या खुर्चीवर बसा, कठडा डोळ्यांसमोर येतो का बघा, काचेचा आहे की लोखंडी ते लिहा. बेडवर डोकं टेकून समुद्र दिसतो का बघा, कारण एकाच कॅटेगरीत एका खोलीत बेड बाल्कनीशी असतो आणि शेजारच्या खोलीत कपाटाशी, आणि नंबरासकट ही नोंद तुमच्या वहीत असेल तर पुढच्या फोनला गेस्टला नेमकी खोली सुचवता येते.