डिशवॉशरमधलं पाणी जात नाहीये? पंप बदलायच्या आधी पाणी नक्की कुठे अडलंय ते बघा

सायकल संपली म्हणून दार उघडलं आणि तळाला गढूळ ओशट पाणी तसंच साचलेलं, वर खरकटं तरंगतंय, असं दिसलं की पहिला विचार हाच येतो की पंप गेला. मलाही तसंच वाटलं होतं, आणि बघायला आलेला माणूसही मशीन न उघडता पाच मिनिटांत तेच सांगून गेला, मोटर बदलावी लागेल म्हणून. मोटर धडधाकट होती हो! पंपाच्या पंख्यात काचेचा एक तुकडा अडकला होता, जेमतेम नखाएवढा. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की आधी पाणी कुठे अडलंय ते शोधा, पार्ट बदलायचं नंतर बघू.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बरेच जण उगाच घाबरतात. फिल्टर काढल्यावर खालच्या खड्ड्यात थोडंसं पाणी राहणं नॉर्मल आहे, त्यामुळे रबरी सील सुकत नाहीत. पाणी जाळीच्या वर आलं असेल किंवा वास मारत असेल तर मात्र खरंच कुठेतरी तुंबलंय.

आता मशीन बंद करायच्या आधी फक्त कान द्या. चालू प्रोग्राम कॅन्सल केला की मशीन पाणी बाहेर टाकायला बघते, बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं असतं, तुमचं वेगळं असेल तर मॅन्युअलमध्ये मिळेल. नुसती घरघर येतेय आणि पाणी हलत नाही म्हणजे बहुतेक पंखा जॅम. पंप मोकळा फिरतोय असा आवाज आहे पण पाणी तिथेच, तर पुढे पाईपमध्ये अडलंय. काहीच आवाज नाही तर पंप किंवा वायरिंग. स्क्रीनवर कोड आला असेल तर तोही बघून ठेवा, बॉशला ई२४ आला तर बहुतेक ड्रेन पाईप दुमडलाय किंवा तुंबलाय आणि ई२५ आला तर पंप अडकलाय किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही, एलजीला ओई येतो, सॅमसंगला ५सी किंवा ५ई.

मग प्लग काढा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका प्लीज, प्लगपर्यंत हात पोचत नसेल तर एमसीबी पाडा. पाण्याचा नळ बंद करा, पाणी गरम असेल तर निवू द्या. जाड हातमोजे घाला, खाली काच असू शकते आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाही. खालचा रॅक बाहेर काढायचा, मगने जमेल तेवढं पाणी उपसायचं आणि उरलेलं स्पंजने टिपून घ्यायचं.

फिल्टर बहुतेक मशीनमध्ये गोल डब्यासारखा असतो, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला की सुटतो, त्याच्याखालची सपाट जाळीही उचलून काढा. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश, बस. जाळी उजेडासमोर धरून बघा, वरवर स्वच्छ दिसते पण भोकांवर चरबीचा पातळ बुळबुळीत थर असतो आणि पाणी तिथेच अडतं. बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम इथेच संपतो.

इथे नाही संपला तर फिल्टरखालच्या खड्ड्यात टॉर्च मारा. बिया, टूथपिक, काच, बरणीचं सुटून आलेलं कागदी लेबल, काहीही सापडतं. तिथेच एका बाजूला पंपाचं छोटं प्लास्टिकचं झाकण असतं, काहींना स्क्रू असतो, काही चमच्याच्या दांड्याने हलकेच उचकटलं की निघतात. आत छोटासा पंखा दिसेल, तो बोटाने नाही, लाकडी काडीने फिरवून बघा. तो भिंगरीसारखा गरगर फिरत नाही, अडखळत टप्प्याटप्प्याने फिरतो, आत चुंबक असतं म्हणून, त्यामुळे बिघडलाय असं समजू नका. अजिबातच हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. आमचा तुकडा पंख्याचं पातं आणि भिंत यांच्यामध्ये उभा रुतला होता, वरून दिसतच नव्हता, पंखा उलटा फिरवला तेव्हा कुठे सैल झाला आणि चिमट्याने निघाला. झाकण परत लावताना क्लिक झाल्याची खात्री करा, ते सैल राहिलं तरी पाणी जात नाही.

पंखाही मोकळा असेल तर बादलीची टेस्ट, ही मला सगळ्यात कामाची वाटते. ड्रेन पाईप सिंकखाली जिथे जोडलाय तिथून सोडवा (खाली फडकं ठेवा, पाणी सांडणारच), पाईपचं तोंड सिंकमध्ये ठेवलेल्या बादलीत धरा, आधी पाणी उपसलंय म्हणून तळात दोनेक लिटर पाणी ओता आणि कोरड्या हातांनी प्लग लावून पाणी काढायला लावा. धो धो आलं तर मशीन एकदम ठीक आहे, सिंकचा पाईप तुंबलाय, तो साफ करा. मशीन नवीन असेल आणि पहिल्या दिवसापासून पाणी जात नसेल तर सिंकखालच्या त्या तोटीत डोकावून बघा, काही तोट्या आतून प्लास्टिकच्या चकतीने बंद असतात आणि जोडताना ती काढायची राहून जाते.

थेंब थेंब आलं तर पाईप बघा. मशीन मागे ढकलताना तो दुमडतो, हे फारच कॉमन आहे. दुमडलेला नसेल तर दोन्हीकडून सोडवून जोरात पाणी मारा, आतून चरबीचे गोळे निघतात. परत लावताना पाईप एकदा वर, ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उचलून मग सिंककडे खाली आणायचा आणि तिथे बांधून टाकायचा. तो जमिनीवर लोळत राहिला तर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं आणि आपल्याला वाटतं की मशीनचंच पाणी जात नाहीये.

आणखी एक, भांडी घासायचा साधा लिक्विड साबण चुकून घातला असेल तर आत फेसच फेस होतो आणि पंपाला फेस ढकलता येत नाही. तो पुसून काढावा लागतो. आणि ड्रेन साफ करायचं अ‍ॅसिड किंवा पावडर मशीनमध्ये कधीच ओतू नका, रबर आणि पंप दोन्ही खराब होतात, शिवाय नंतर त्याच पाण्यात तुमचे हात जाणार असतात.

एवढं करूनही पंपाचा आवाजच येत नसेल, किंवा मशीन बंद असतानाही पंप थांबत नसेल तर टेक्निशियनला बोलवा. दुसऱ्या केसमध्ये मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये गळती होऊन पाणी साचलेलं असू शकतं, ते घरी उघडत बसू नका. आणि त्याला बादलीच्या टेस्टमध्ये काय झालं ते आधी सांगा म्हणजे तो थेट तिथूनच सुरू करेल.

सगळं जोडून झालं की तळात दोनेक लिटर पाणी ओता आणि फक्त ड्रेन चालवा, मिनिट दोन मिनिटांत तळ रिकामा व्हायला पाहिजे. तोपर्यंत खालच्या जोडाला टॉर्च मारून बघत राहा, क्लॅम्प (पाईप आवळून धरणारी पट्टी) सैल राहिला असेल तर थेंब आत्ताच दिसेल.