तांब्याचं बूड सरळ नसतं : चित्र शिकताना या चुका टाळा

रविवारच्या वर्गाला नवी मंडळी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, पोर्ट्रेट कधीपासून?" मी समोर तांब्या ठेवतो. चेहरे पडतात.

मग जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. तांब्याचं तोंड भाकरीसारखं गोल आणि बूड पट्टीने रेघ मारल्यासारखं सरळ. तोंड गोल असतं हे माहीत असतं, टेबलावर नीट बसतो म्हणजे खालून सपाट हेही माहीत असतं. डोळे उघडे, पण चित्र उतरतं ते डोक्यातलं.

मीही हेच केलंय. शाळेत एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी चालू होती, वस्तुचित्राचा सराव. माझा कागद बघून सरांनी काही न बोलता मला बाकावर उभं केलं. वरून तांब्याचं तोंड जवळजवळ गोल दिसत होतं. मग खाली बसवलं, इतकं खाली की काठ बरोबर डोळ्यांसमोर आला. तोंड गायब! नुसती एक आडवी रेघ. "आता सांग, गोल आहे?" डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते फुगत जातं. म्हणजे नेहमीसारखं बसून पाहिलं तर तोंडाचं लंबवर्तुळ चपटं, आणि बुडाची कड त्याहून जास्त वाकलेली. आपण नेमकं उलटं काढतो. त्या रात्री जेवताना मी वाटी, पेला, आमटीचं पातेलं, सगळ्यांचे काठ मान वरखाली करून बघत बसलो होतो. शेवटी आईने विचारलं, "आमटीत काही पडलंय का?"

यावर माझा उपाय साधा आहे. पेन्सिल खाली ठेवायची आणि दोन मिनिटं नुसतं बघायचं. मी अजूनही घड्याळ लावून बघतो. तरीही डोकं मधे लुडबुडत असेल तर वस्तू काढूच नका, तिच्या आजूबाजूची मोकळी जागा काढा. कपाचा कान काढू नका, कानातून दिसणारा भिंतीचा तुकडा काढा. त्या तुकड्याला नाव नसतं, त्यामुळे तो कसा 'असायला हवा' हे डोक्याला ठाऊक नसतं.

डोळे कपाळात काढू नका. ते डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. पटत नसेल तर पट्टी घेऊन आरशासमोर उभे राहा.

हात लांब करून, समोर धरलेल्या पेन्सिलीने वस्तूचं माप घेताना कोपर वाकवू नका. हात दर वेळी कमी-जास्त लांब झाला की मापही बदलतं.

खोडरबर पहिला महिनाभर माझ्या खिशात राहतो. चुकलेली रेघ तशीच राहू द्या, बरोबर रेघ तिच्या शेजारीच सापडते.

बोटाने घासून शेडिंग करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. करा.

पण मोबाइलवरच्या फोटोवरून चेहरा काढणं मात्र मला सहन होत नाही. एका घाईतल्या विद्यार्थ्याने आजीचा फोटो ट्रेस करून आणला. नाक भलंमोठं, कान जवळजवळ नाहीतच. फोटो हातभर अंतरावरून काढलेला. इतक्या जवळून जे पुढे असतं ते फुगतं आणि मागचं आकसतं. ट्रेसिंगमध्ये ती फसवणूकही इमानदारीने उतरली होती. आजी म्हणाल्या म्हणे, "ही कोण बाई?"

त्याला सांगितलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, वीस मिनिटं आजीसमोर बस. आजी मटार सोलत होत्या, हलत होत्या, त्याची चिडचिड झाली. चित्र वाईटच आलं, पण त्यातला कान खरा होता : जुन्या कुड्यांच्या वजनाने ओघळलेली पाळी, भोक लांबून चिरेसारखं झालेलं. "सर, सत्तावीस वर्षं त्यांच्यासोबत राहतोय, हे कधी दिसलंच नव्हतं."

पुढच्या रविवारी तो अर्धा तास उशिरा आला. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या काकांचा कान बघत बसला आणि स्टॉप गेला. म्हटलं, दाखव काढलेला कान. तर वही घरी विसरलेली.