आठवणींचे कपडे: काय ठेवायचं, काय सोडायचं

कपाट आवरायला घ्यावं आणि पहिल्यांदा हातात नेमका बाबांचा स्वेटर यावा! मग आवराआवर तिथेच संपते. म्हणून आठवणींच्या कपड्यांना सुरुवातीला हात लावूच नका. आधी विटलेले टॉवेल, जोडीदार हरवलेले मोजे, कधीच न आवडलेले शर्ट काढा. पटापट ठरवायची सवय झाली की या गाठोड्याकडे वळा. तेही दिवसाउजेडी, तासभरच.

आता ढीग लावा, पण माणसांप्रमाणे आणि प्रसंगांप्रमाणे: आजीचे, कॉलेजचे, बाळाचे. एकाच आठवणीला किती कपडे चिकटलेत ते लगेच दिसतं. माझ्याकडे लेकीची एकवीस झबली निघाली. त्यातली बहुतेक मला ओळखूही येईनात. एकाच्या गळ्याशी मात्र औषधाचा गुलाबी डाग होता. तो बघताच ती रात्र जशीच्या तशी उभी राहिली: तापलेलं कपाळ, चमचा, तिने फुर्रकन उडवलेलं औषध. तेच ठेवलं. नवीकोरी, गोंडस झबली दुसऱ्या बाळाकडे गेली.

कपडा हातात घेतल्यावर एखादा प्रसंग आठवतो का, हे बघा. ‘कुणीतरी दिलं होतं’ हा काही प्रसंग नव्हे. तरी सोडवत नाही, कारण वस्तू आपली झाली की ती जास्त मोलाची वाटते. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली साध्या कॉफीच्या मगांवर हे दाखवलं: ज्यांना मग मिळाला होता, ते विकायला, घेणारे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. म्हणून स्वतःला विचारा, हा कपडा आज दुसऱ्याच्या घरी दिसला असता, तर मी मागून आणला असता का?

द्यायचं ठरलं की फोटो काढा. पूर्ण कपड्याचा एक. उसवलेली शिवण, बदललेलं बटण यांचा जवळून एक. सोबत दोन ओळी लिहा. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फोटो काढून ठेवा असं सुचवल्यावर लोकांनी जास्त वस्तू दान केल्या.

माणूस नुकतंच गेलं असेल तर मात्र यातलं काहीच आत्ता करू नका. कपड्याला त्यांचा वास असतो आणि एका धुण्यात तो जातो. भावंडांना विचारल्याशिवाय तर काहीच देऊ नका. एखादा सदरा न धुता वेगळा ठेवलात तरी चालेल.

बाकीचे ठेवायचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा. कसरीच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात, घामाचे नि अन्नाचे डाग असले तर आधी तिथेच. खळ नको, टाचण्या नकोत, त्या गंजतात. लोकरीचं विणलेलं काही हँगरला टांगू नका, ओघळतं. सुती कापडात सैल गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर त्याच रेघेवर कापड विरतं.

द्यायच्या पिशवीत भरण्याआधी सगळे खिसे तपासा, अस्तराच्या आतलेसुद्धा. बाबांच्या कोटात मला बोटभर उरलेली पेन्सिल सापडली, चाकूने तासलेली. कोट दिला. पेन्सिल टेबलावरच्या डब्यात आहे.